कॅथलिक चर्च, कुटुंबनियोजन आणि सार्वजनिक आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आजीला नऊ मुलं, आईला तीन, मला एक. तिघीही रविवारची मिस्सा न चुकवणाऱ्या. वसईतल्या कुठल्याही कॅथलिक घरात हीच उतरंड दिसेल. तरीही ऑफिसात, लग्नात, ट्रेनमध्ये विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "तुमच्यात चालत नाही ना हे सगळं?" त्या "हे सगळं"मध्ये कंडोम, गोळ्या, तांबी, ऑपरेशन, एड्स, गर्भपात, पोप असं सारं एकाच पिशवीत कोंबलेलं असतं. ती पिशवी इथे जरा वेगवेगळी करून मांडली आहे. माझं मत जिथे आहे तिथे ते लपवलेलं नाही.

चर्चचं नेमकं म्हणणं काय?

पती-पत्नीच्या संबंधाला दोन अर्थ असतात, एकमेकांशी एकरूप होणं आणि नवा जीव जन्माला येण्याची वाट मोकळी ठेवणं. हे दोन अर्थ माणसानं आपल्या हातानं तोडू नयेत. एवढाच गाभा आहे. त्यामुळे कंडोम असो, गोळी असो, तांबी असो, नसबंदी असो की ऐनवेळी बाजूला होणं असो, चर्चच्या लेखी सगळं एकाच रांगेत बसतं. गोळी "रासायनिक" आहे म्हणून वाईट, असं ते म्हणणं नाही. रबरालाही तोच नियम.

१९३० सालापर्यंत बहुतेक सगळ्याच ख्रिस्ती पंथांचं मत असंच होतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी मर्यादित परवानगी दिली. डिसेंबरच्या ३१ तारखेला पोप अकरावे पायस यांनी 'कास्ती कोनुबी' हे परिपत्रक काढून दार लावून घेतलं. इतर पंथ हळूहळू त्या दारातून बाहेर पडले, रोम आतच राहिलं.

म्हणजे देव देईल तेवढी मुलं होऊ द्यायची?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो कॅथलिकांमध्येही आहे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी इटलीतल्या सुइणींपुढे भाषण करताना स्पष्ट सांगितलं, की गंभीर कारण असेल तर जोडप्यानं पाळीचे दिवस बघून मूल टाळणं चुकीचं नाही. आजारपण, गरिबी, घरची परिस्थिती ही कारणं त्यात येतात. २०१५च्या जानेवारीत मनिलाहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस यांनी तर चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी पिलावळ वाढवावी लागते असं नाही, असं म्हणून टाकलं. सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका बाईला आपण बेजबाबदारपणाबद्दल सुनावल्याचंही त्यांनी सांगितलं. मोठ्या कुटुंबांना ते लागलं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या कुटुंबांचं कौतुक करून वातावरण निवळवलं.

वाद आहे तो मूल टाळण्यावर नाही, कसं टाळायचं यावर आहे.

दिवस पाळले तर चालतं, मग कंडोमनं काय घोडं मारलंय?

चर्चचे लोक यावर एक दाखला देतात. वजन कमी करायला उपास करणं वेगळं आणि पोटभर जेवून ओकून टाकणं वेगळं. दोन्हीचा हेतू एकच असतो, पण पहिल्यात शरीराचा मान राखला जातो. निसर्गानंच जे दिवस वांझ ठेवले आहेत ते वापरणं म्हणजे वाट अडवणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

दाखला चपखल आहे. मला तो पटत नाही, कारण ज्या बाईला तिसऱ्या बाळंतपणात रक्तस्राव झालाय तिच्या बाबतीत हेतू आणि परिणाम हेच सगळं असतं. पण पटत नाही म्हणून तो मूर्खपणाचा ठरत नाही, एवढं टीकाकारांनीही लक्षात घ्यावं.

नैसर्गिक पद्धत खरंच काम करते का?

करते, पण कोणाच्या हातात आहे त्यावर. उदाहरण म्हणून पाळीचे दिवस मोजायची मण्यांची माळ बघा. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन या कॅथलिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत विकसित केली. माळेत ३२ मणी. एक लाल, तो पाळीचा पहिला दिवस. मग तपकिरी मणी, मग आठव्या दिवसापासून एकोणिसाव्यापर्यंत बारा पांढरे, पुन्हा तपकिरी. रबराची एक छोटी रिंग रोज सकाळी एक मणी पुढे सरकवायची. रिंग पांढऱ्यावर असेल तर गर्भ राहू शकतो, जपायचं. अंधारातही दिसावेत म्हणून पांढरे मणी चमकणारे केलेले असतात. अक्षरओळख नसली तरी अडत नाही.

काटेकोर पाळल्यास वर्षभरात शंभरातल्या सुमारे पाच बायकांना दिवस जातात, रोजच्या व्यवहारात सुमारे बारांना. कंडोमचा रोजच्या व्यवहारातला आकडा तेराच्या आसपास आहे. म्हणजे माळ काही थट्टेचा विषय नाही. मात्र तांबीचा आकडा एकाच्याही खाली आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं. शिवाय माळ चालते ती पाळी २६ ते ३२ दिवसांत येणाऱ्या बायकांनाच. अंगावर पाजणारी, पीसीओडी असलेली, पाळी जायला आलेली बाई यात बसत नाही. तापमान मोजायच्या किंवा बिलिंग्ज (अंगावरच्या स्रावावरून दिवस ओळखायच्या) पद्धतीत रोज नोंद ठेवावी लागते, आणि ती शिकायला वेळ जातो.

आणि खरी मेख पुढेच आहे. बारा पांढरे मणी म्हणजे बारा रात्री नवऱ्यानं "हो" म्हणायला हवं. जिथे तो दारू पिऊन येतो तिथे माळ उशाशी ठेवून उपयोग नाही. तांबीला नवऱ्याची रोजची परवानगी लागत नाही. सार्वजनिक आरोग्यवाल्यांचा सगळा मुद्दा या एका वाक्यात येतो.

१९६८ साली एवढं काय घडलं?

ही कथा थोडी सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय आजचा ताण कळत नाही.

१९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. ती घडवणाऱ्यांपैकी एक, डॉक्टर जॉन रॉक, स्वतः कट्टर कॅथलिक. त्यांचा युक्तिवाद असा, की गोळी शरीरातल्याच संप्रेरकांची नक्कल करते, म्हणजे ती "सुरक्षित दिवस" लांबवते इतकंच. रोमनं याचा विचार करावा अशी त्यांची अपेक्षा होती, आणि रोमनं विचार केलाही. १९६३ साली पोप तेविसावे जॉन यांनी सहा जणांचा आयोग नेमला. पुढे सहावे पॉल यांनी तो सुमारे सत्तर जणांपर्यंत वाढवला. त्यात कार्डिनल होते, डॉक्टर होते आणि, चर्चच्या इतिहासात अपूर्वाईची गोष्ट म्हणजे, संसारी जोडपीही होती. शिकागोचं क्रॉली दांपत्य देशोदेशीच्या कॅथलिक नवराबायकोंची पत्रं घेऊन रोमला गेलं. कॅलेंडर बघून बघून संसाराचं काय होतं, हे त्या पत्रांत होतं.

१९६६ साली आयोगाच्या मोठ्या बहुमतानं कौल दिला, की गर्भनिरोध स्वभावतःच पाप मानता येत नाही. एक प्रसंग सांगितला जातो. बैठकीत एका जेझुइट धर्मपंडितानं विचारलं, की नियम बदलला तर याच पापासाठी आपण आजवर नरकात धाडलेल्या लाखोंचं काय? त्यावर पॅटी क्रॉली यांनी उलट विचारलं, की फादर, देवानं तुमचे सगळे हुकूम अमलात आणले असतील असं तुम्हाला खरंच वाटतं का?

१९६७ साली अहवाल वृत्तपत्रांतून फुटला. जगभर कॅथलिक जोडप्यांनी धरून चाललं, की आता बदल होणार. २५ जुलै १९६८ रोजी सहावे पॉल यांनी 'ह्युमाने व्हिटे' या परिपत्रकावर सही केली, आणि बहुमत बाजूला ठेवून जुनाच नियम कायम केला. २९ जुलैला ते प्रसिद्ध झालं, आणि अमेरिकेत धर्मपंडितांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर असहमती नोंदवली. कॅनडाच्या बिशपांनी सप्टेंबरात विनिपेगमधून निवेदन काढून सदसद्विवेकबुद्धीला जागा ठेवली. सहावे पॉल त्यानंतर दहा वर्षं पोप होते, पण त्यांनी पुन्हा एकही परिपत्रक काढलं नाही.

माझ्या आईच्या पिढीनं हे सगळं वाचलेलं नव्हतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिनं ऑपरेशन करून घेतलं आणि पापनिवेदनात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फादरनीही विचारलं नाही. जगभर हेच झालं. आयोगाचं बहुमत घराघरात असं गुपचूप लागू झालं.

पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरनं गोळी दिली तर?

बिनधास्त घ्या. 'ह्युमाने व्हिटे'तल्या पंधराव्या परिच्छेदात आजारावरच्या उपचारांना स्पष्ट मुभा आहे, त्यानं गर्भधारणा थांबली तरीही. एंडोमेट्रिओसिस असलेल्या मुलीला "आपल्यात चालत नाही" म्हणून त्रास सोसायला लावणारी आई चर्चपेक्षाही कडक आहे.

एड्सच्या बाबतीत चर्चमुळे माणसं मेली का?

सरळ हो किंवा नाही म्हणणारा माणूस तुम्हाला घोषणा विकतोय.

चर्चच्या बाजूनं झालेल्या चुका आधी. २००३ साली व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक परिषदेचे प्रमुख कार्डिनल लोपेझ त्रुहियो यांनी बीबीसीला सांगितलं, की विषाणू कंडोममधून आरपार जाऊ शकतो. हे शास्त्रीयदृष्ट्या चूक होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ते खोडून काढलं. २००९च्या मार्चमध्ये कॅमेरूनला जाताना पोप सोळावे बेनेडिक्ट म्हणाले, की कंडोम वाटून प्रश्न सुटणार नाही, उलट वाढेल. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांच्यावर सणसणीत अग्रलेख लिहिला. दर वेळी नीट वापरलेला कंडोम स्त्री-पुरुष संबंधांतला संसर्ग सुमारे ८० टक्क्यांनी कमी करतो, ही गोष्ट तेव्हाही ठाऊक होती.

आता दुसरी बाजू. युगांडात १९९०च्या दशकात संसर्गाचं प्रमाण झपाट्यानं उतरलं, त्यात जोडीदार कमी करण्याच्या मोहिमेचा मोठा वाटा होता. त्या मोहिमेचं नाव गुराख्यांच्या भाषेतलं होतं, "झीरो ग्रेझिंग". आपलं जनावर आपल्याच कुरणात चारा. म्हणजे वागणूक बदला हे म्हणणं निव्वळ प्रवचन नव्हतं. शिवाय आफ्रिकेत एड्सच्या रोग्याचं अंग पुसणारे, गोळ्या पोचवणारे, अनाथ मुलं सांभाळणारे हात बऱ्याच ठिकाणी कॅथलिक सिस्टरांचेच होते. कंडोमची पेटी नाकारणारं आणि मरणाऱ्याला जवळ घेणारं मिशन एकच असायचं.

सगळ्यात अवघड प्रश्न होता तो नवऱ्याला लागण झालेली आणि बायकोला नसलेली अशा जोडप्याचा. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणपट्ट्यात रुस्टेनबर्गचे बिशप केव्हिन डाउलिंग यांनी पत्र्याच्या झोपड्यांमधल्या बायका मरताना पाहिल्या आणि उघड सांगितलं, की इथे कंडोम हा जीव रोखण्याचा नव्हे, मृत्यू रोखण्याचा उपाय आहे. २००१ साली तिथल्या बिशपांच्या निवेदनात कंडोमच्या प्रचाराला विरोध कायम राहिला, पण अशा जोडप्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला जागा ठेवली गेली. २०१० साली बेनेडिक्ट यांनीही एका मुलाखत-पुस्तकात कबूल केलं, की देहविक्रय करणाऱ्या पुरुषानं संसर्ग टाळायला कंडोम वापरला तर ते जबाबदारीकडे टाकलेलं पहिलं पाऊल असू शकतं. व्हॅटिकननं लगेच खुलासा काढला, की गर्भनिरोधाबद्दलची शिकवण बदललेली नाही.

फिलिपिन्सचं नाव सारखं का येतं?

कारण तिथे हा वाद शयनगृहातून उठून तिजोरीपर्यंत गेला. देश बहुसंख्य कॅथलिक, गर्भपाताला पूर्ण बंदी, घटस्फोटाचा कायदा नाही. २००० साली मनिलाचे महापौर लितो आत्येन्सा यांनी आदेश काढला, की शहर नैसर्गिक पद्धतींना प्रोत्साहन देईल आणि कृत्रिम साधनांना निरुत्साहित करेल. कागदावर "बंदी" हा शब्द नव्हता. प्रत्यक्षात महापालिकेच्या दवाखान्यांतून गोळ्या, तांब्या, इंजेक्शनं गायब झाली. पैसेवाल्या बाईनं कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या. झोपडपट्टीतल्या बाईकडे दोनच पर्याय राहिले, भात किंवा गोळ्या. त्याच शहरातल्या फाबेला प्रसूतिगृहात एका खाटेवर दोन-दोन, कधी त्याहून जास्त बाळंतिणी आडव्या पडलेल्या असत, बाळं पोटाशी. हे फोटो जगभर गेले. पुढे २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयीच्या समितीनं चौकशीअंती ठरवलं, की यात बायकांच्या हक्कांचा भंग झाला.

राष्ट्रीय कायद्याचं घोंगडं तब्बल चौदा वर्षं भिजत पडलं होतं. २०११च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचा अंदाज २२१ आला, २००६ साली तो १६२ होता. १७ डिसेंबर २०१२ रोजी प्रतिनिधीगृहात १३३ विरुद्ध ७९ आणि सिनेटमध्ये १३ विरुद्ध ८ मतांनी प्रजनन आरोग्य कायदा मंजूर झाला. अध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांनी २१ डिसेंबरला सही केली. त्यात गरिबांना मोफत साधनं होती, नैसर्गिक पद्धतींसकट, आणि शाळेत लैंगिक शिक्षण होतं. गर्भपात बेकायदाच राहिला, हे विरोधकांच्या भाषणांत सहसा येत नसे.

चर्चनं हार मानली नाही. २०१३च्या निवडणुकीआधी बाकोलोदच्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर मोठा फलक लागला. एका बाजूला "टीम बुहाय", जीवनाचा संघ, म्हणजे कायद्याला विरोध करणारे उमेदवार. दुसऱ्या बाजूला "टीम पाताय", मृत्यूचा संघ, कायद्याच्या बाजूचे. निवडणूक आयोगानं फलक काढायला सांगितला, पण सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली बिशपांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूनं निकाल दिला. मला तो निकाल योग्यच वाटतो. बिशपांनी बोलावं, जोरात बोलावं. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली मात्र त्यांच्याकडे नको.

मग कायदा झाला आणि प्रश्न मिटला?

छे. २०१३च्या मार्चमध्ये न्यायालयानं कायदा थांबवला. ८ एप्रिल २०१४ला तो वैध ठरवला, पण आठ तरतुदी उडवल्या. साधनं मागणाऱ्या रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याचं धार्मिक रुग्णालयांवरचं बंधन गेलं. आधी मूल झालेल्या अल्पवयीन मुलीला पालकांच्या संमतीशिवाय साधनं मिळण्याची सवलतही गेली. पंधराव्या वर्षी आई झालेल्या पोरीनं दुसरं मूल टाळायला आईची सही आणायची. २०१५ साली दंडात बसवायच्या इम्प्लांटवर स्थगिती आली, २०१६च्या अर्थसंकल्पातून साधनांचे एक अब्ज पेसो कापले गेले. ५१ साधनं गर्भपात घडवत नाहीत असं औषध प्रशासनानं प्रमाणित केल्यावर २०१७च्या नोव्हेंबरात गाडी पुढे सरकली.

२०२२च्या पाहणीत तिथला एकूण जननदर (एका बाईमागची सरासरी मुलं) १.९ आला, २०१३ साली तो ३.० होता. याचं सगळं श्रेय कायद्याला देणं भाबडेपणा होईल. शहरं वाढली, मुली शिकल्या, मधे कोविड आला.

म्हणजे चर्चची भीती निव्वळ खोटी?

इथे मला जरा थांबावं लागतं. 'ह्युमाने व्हिटे'त एक इशारा होता, की हे साधन सरकारांच्या हाती पडलं तर ती लोकांवर सक्ती करतील. आठच वर्षांनी आपल्याकडे आणीबाणीत काय झालं? १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८० लाख नसबंद्या. महाराष्ट्र विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, इतकंच. पेरूत फुजिमोरींच्या राजवटीत, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, अडीच लाखांहून अधिक बायकांची ऑपरेशनं झाली. त्यात डोंगराळ भागातल्या गरीब आदिवासी बायका मोठ्या संख्येनं होत्या आणि कित्येकींना संमती विचारलीच गेली नव्हती. तिथे चर्चनं आवाज उठवला, आणि ते बरोबर होतं.

सरकारी टार्गेटसाठी टेबलावर झोपवलेली बाई आणि सरकारी दवाखान्यातून गोळीविना परत पाठवलेली बाई, दोघींना विचारलेलं नसतं.

सविता हलप्पनवार यांचा मृत्यू याच वादातला का?

नाही. बेळगावच्या या तरुण दंतवैद्य बाईचा ऑक्टोबर २०१२मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे मृत्यू झाला, तो गर्भपात नाकारल्यानंतरच्या जंतुसंसर्गानं. तो प्रश्न गर्भपाताच्या कायद्याचा. गर्भनिरोधाबद्दल आयर्लंडची वेगळी गोष्ट आहे. तिथे १९३५पासून साधनांच्या विक्रीवर बंदी होती. मे १९७१मध्ये डब्लिनच्या काही बायका आगगाडीनं, जिथे ही बंदी नव्हती त्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या, तिथून साधनं विकत घेतली आणि परत येऊन कस्टमच्या लोकांसमोर उघड फडकावली. कोणालाही अटक झाली नाही.

बलात्कार झालेल्या बाईला आपत्कालीन गोळी कॅथलिक रुग्णालय देतं का?

देशादेशांवर अवलंबून आहे. २०१३ साली जर्मनीच्या बिशपांनी कॅथलिक रुग्णालयांना, गर्भधारणा होऊच न देणारी गोळी असेल तर, परवानगी दिली. अमेरिकेतल्या बिशपांच्या मार्गदर्शक नियमांतही अशी जागा आहे. पण तिथल्याच कॅथलिक रुग्णालयांत सिझेरियनच्या वेळी नळ्या बांधून घ्यायच्या म्हटलं तर नकार मिळतो आणि बाईला दुसऱ्यांदा पोट उघडावं लागू शकतं. वैद्यकीयदृष्ट्या याचं समर्थन मला कुठेच सापडत नाही.

आपल्याकडे या वादात चर्च होतं का?

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. याच कामापायी १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं, पण स्कॉटिश, म्हणजे प्रोटेस्टंट. 'समाजस्वास्थ्य' या त्यांच्या मासिकावर खटले भरायला लावणारे तर आपले सनातनीच होते. १९३४च्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तेव्हा सगळं खापर पोपवर फोडायची सोय नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या ख्रिश्चनांचा जननदर १.८८ होता, देशाच्या सरासरीहून थोडा कमीच. म्हणून २०२१ साली केरळातल्या पाला धर्मप्रांतानं पाच किंवा अधिक मुलं असलेल्या कुटुंबांना महिना १५०० रुपये द्यायची घोषणा केली. त्या पैशात मुलाच्या शाळेच्या बसचं भाडं सुटेल का, असा हिशेब आमच्या नणंदेनं लगेच मांडला.

लग्नाआधीच्या शिबिरात हे शिकवतात का?

हो. आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, एका मध्यमवयीन जोडप्यानं शिकवलं. फळ्यावर तक्ता, काकींच्या हातात थर्मामीटर. मुलं खाली मान घालून बसलेली, मुली वहीत लिहीत होत्या. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून एकीनं विचारलं, "काकी, नाइट शिफ्ट असेल तर सकाळचं तापमान कधी घ्यायचं?" काकींनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि चहा आला.